पडवीतली चटई

आष्टीच्या तुळजाबाईच्या घरात देवीची जोगवा मागायची परडी होती, आणि परडीच्या घरात विटाळ चालत नाही. सून अडचणीची झाली की तिनं तीन दिवस पडवीत बसायचं. शेळ्यांच्या दावणीशेजारी, पत्र्याखाली, एक चटई, एक तांब्या, एक ताट. सासूनं लांबून भाकर वाढायची. चूल नाही, पाणी नाही, झाडलोट नाही. उभ्या पिकातसुद्धा जायचं नाही. तुळजाबाईच्या सासूच्या आधीपासून हे असंच चालत आलेलं. गावात बऱ्याच घरांनी सोडून दिलं, या घरानं धरून ठेवलं.

आता या नियमात एक गोम होती, ती फक्त बायांना ठाऊक होती. बाहेर बसलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही. ती झोपली तरी चालतं, दुपारी लोळली तरी चालतं. नवरा जवळ येत नाही, सासू हाक मारत नाही. आणि खरंच अडचण आहे की नाही, हे काही कुणी लुगडं उचलून बघत नाही. तुळजाबाई स्वतः नवी नवरी असताना ज्वारीच्या काढणीत कंबर मोडली की खुशाल बाहेर येऊन बसायची. "कावळा शिवला," म्हणायची. मोठी जाऊ तिच्याकडं बघून तोंडाला पदर लावायची, कारण मागच्या वेळेला तीच बसलेली असायची. देवाचं नाव घेऊन काढलेली ही सुट्टी. पाप म्हणावं तर पाप. पण शरीराला दुसरा थारा कुठं होता?

म्हणून सून शिवकन्या खोटी बसते हे जेव्हा तुळजाबाईच्या ध्यानात आलं, तेव्हा तिला राग आला नाही. आशाताईनं दिलेला पाळीच्या घड्यांचा पुडा पडवीच्या फळीवर होता. एक-दोनदा शिवकन्या बसली आणि पुड्यावरची धूळ तशीच राहिली. दोरीवर फडकंही वाळताना दिसलं नाही. शिवाय बसायची वेळही अशी नेमकी, की कापसाच्या वेचणीला हमखास. तुळजाबाई मनात हसली. म्हणाली, चला, पोरगी शहाणी निघाली. आणि गप्प बसली.

गप्प बसणं सोपं नव्हतं. सून बाहेर बसली की तिचं सगळं काम म्हातारीच्या अंगावर यायचं. भाकरी थापायच्या, शेळ्यांना पाला टाकायचा, नात तृप्तीला न्हाऊ घालायचं, टाकीवरून पाणी आणायचं. गुडघे कुरकुरायचे. संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसली की तुळजाबाईला उठायला दोन माणसं लागतील असं वाटायचं. नवरा कचरू गेल्यापासून पाय चेपायला सांगावं असंही कुणी उरलं नव्हतं. तरी ती बोलली नाही. आपण खाल्लं ते सुनेला का नाकारायचं, असा तिचा हिशेब.

पण शिवकन्याचा शीण तीन दिवसांत भागत नव्हता. खरं म्हणजे तो कधीच भागत नव्हता. तृप्तीच्या बाळंतपणापासून ती जी उतरली ती उतरलीच. पाणी आणायला गेली की अर्ध्या वाटेत घागर खाली ठेवून बसायची. पीठ मळता मळता हात थांबायचे. बोलणं सावकाश झालं, चेहरा पांढुरका, भुवया विरळ. वैशाखात जालना जिल्हा तव्यासारखा तापतो, तेव्हा ही चादर पांघरून बसायची.

शेजारची बेबीनंदा, नात्यानं तुळजाबाईची पुतणसून, कुंपणावरून सगळं बघायची.

"काय ओ काकी, तुमच्या घरात हिवाळा सुरू झाला वाटतं. आम्हाला बी थोडा धाडा इकडं."

"तिला बरं न्हाई, बेबी."

"तीन वर्षं झाली, बरं न्हाई. बाळंतीण झाली का हत्ती व्याला? पोर बकरीनं पाजली, काम तुम्ही करून राह्यल्या. मंग ही हाय कशाला?"

"तुझ्या घरची भाकर खाती का?"

"माझी कशाला खाईल. मी आपलं सांगते. तुमच्या कल्याणला पोरगा पायजे का न्हाई? एका पोरीवर थोडीच भागतंय. माझ्या मामाच्या गावाला एक पोरगी हाय, नवऱ्यानं टाकलेली, पण हाडापेरानं मजबूत."

तुळजाबाई शेळीला ओढत आत गेली. पण शिवकन्या पडवीतच होती, आणि तिनं ऐकलं होतं. चादरीतून तिचे डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांत रडूही नव्हतं. रडायलाही अंगात काही लागतं.

शिवकन्याचा नवरा कल्याण परतूरला कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचा. माणूस वाईट नव्हता, पण कंटाळला होता. एकदा जेवता जेवता म्हणाला, "माय, हिचं नेमकं दुखतंय काय? ही म्हणती काहीच दुखत न्हाई. दुखत न्हाई तर उठत कामून न्हाई?"

"दाखवून आणते."

"दाखव. पण यंदा काहीतरी समजलं पायजे. लोक मला बी बोलून राह्यले."

ते 'मला बी' तुळजाबाईच्या कानात राहिलं. पोरगा बेबीनंदाच्या दारावरून जाता-येता थांबतो, हे तिनं पाहिलं होतं. शिवकन्याला माहेरी बाप नव्हता, भाऊ नव्हता. या घरातून ती गेली तर जाणार कुठं? तिचं दुखणं सापडायलाच पाहिजे होतं.

सासू-सून जीपनं मंठ्याला गेल्या. डॉक्टर भला होता, गर्दीत होता. डोळ्याची पापणी ओढून बघितली, नाडी बघितली, आणि विचारलं, "पाळी येते का?"

शिवकन्यानं मान खाली घातली. "येते."

"महिन्याच्या महिन्याला?"

ती काही म्हणायच्या आत तुळजाबाईच बोलली. "बिलकुल बराबर, डॉक्टर. मीच ताट वाढते ना बाहेर."

तिला वाटलं, आपण सुनेची बाजू राखली. एखाद-दोन महिने खोटं बसली असेल, ते काय डॉक्टरला सांगायचं? बायांची गोष्ट बायांत. डॉक्टरनं मान हलवली, रक्त कमी आहे म्हणाला, एक सलाईन लावलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. परतीच्या जीपमध्ये शिवकन्या सासूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिच्या अंगाचा गारवा तुळजाबाईला लुगड्यातून लागत होता.

गोळ्या संपल्या. फरक पडला नाही.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. घरात फराळाचा घाट, सोळा भाज्या, पुरण. शिवकन्या आदल्या दिवशीच पडवीत जाऊन बसली. या वेळेला मात्र तुळजाबाई चिडली. सणाची सुट्टी घेते म्हणजे हद्द झाली. तिनं ताट जरा आपटूनच ठेवलं.

महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांची पोटं बिघडली. उरलेलं खाल्लं होतं, उकाडा होता, व्हायचंच ते. कल्याणला जुलाब, तृप्तीला उलट्या, म्हातारीलाही. साखर-मिठाचं पाणी पिऊन दोन दिवसांत सगळी उठून बसली. तीन दिवस भरले तरी न्हाऊन आत यायला शिवकन्या उठली नव्हती, तिलाही जुलाब लागलेले; पडवीत तिच्याजवळ जायला कुणाच्यात त्राणच नव्हतं. लांबून ताट ठेवून हाक मारली की ती "हं" म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाई भाकर घेऊन गेली, तर कालचं ताट तसंच. त्याला मुंग्या लागलेल्या.

"शिवकन्ये."

तुळजाबाईनं भाकर खाली ठेवली.

"पोरी, ऊठ की. खाऊन घे."

चादर हलली नाही. तुळजाबाई दावणीपाशी उभी होती, नियमानं जिथं उभं राहायचं तिथं. विटाळाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. आत परडी होती, आज शुक्रवार होता, तिला जोगवा मागायचा होता. घटकाभर ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि सुनेच्या कपाळाला हात लावला. कपाळ रांजणासारखं थंड होतं. श्वास चालू होता, पण दुरून आल्यासारखा.

"कल्याण, गाडी बघ. जल्दी."

शेजारच्याची पिकअप मिळाली. परतूरच्या डॉक्टरनं हात लावला आणि म्हणाला, इथं थांबू नका, सरळ जालन्याला न्या. जालन्यात मस्तगडला डॉक्टर एकता मॅडमचा दवाखाना होता. चार पिढ्या जालन्यात काढलेल्या मारवाड्यांच्या घरातली बाई, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची. खाली सासऱ्याचं भांड्यांचं दुकान, वर दवाखाना. जिन्यातून चढताना तुळजाबाईला सगळ्या जन्माचा शीण एकदम जाणवला.

मॅडमनं सलाईन लावलं, एक जोरात सोडलं, मग दुसरं. रक्तदाब वर येईना. साखर उतरलेली, अंगातलं मीठ उतरलेलं. मॅडम कॉटजवळ स्टूल ओढून बसली.

"जुलाब सगळ्यांना झाले ना? मग तुम्ही चालत आलात, ही का नाही? बाळंतपण कसं झालं होतं हिचं?"

कल्याण म्हणाला, "लई वंगाळ. पोरगी झाली आणि रक्त थांबेचना. चार बाटल्या रक्त लावलं मॅडम. डॉक्टर म्हणले, वाचली ते नशीब."

"दूध आलं होतं बाळाला?"

"थेंब न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "अळीव दिलं, डिंक दिला, शेपू दिला. छाती कोरडी. पोर शेळीच्या दुधावर वाढवली."

मॅडमची मान एकदम वर आली. "आणि पाळी? त्यानंतर पाळी सुरू झाली?"

"व्हय की," कल्याण म्हणाला. "महिन्याला बाहेर बसती."

"नियमित?"

"माय, सांग ना."

मॅडमनं कपाळ चोळलं. "मग माझं गणित जुळत नाही. बाकी सगळं एक सांगतंय आणि पाळी दुसरंच सांगतेय."

तुळजाबाईनं शिवकन्याकडं बघितलं. ओठ सुकलेले, हातावरची शीर शोधून शोधून निळी झालेली. आता खरं बोलायचं तर सुनेचं खोटं नवऱ्यासमोर उघडं पडणार. परडीच्या घरात खोटं बाहेर बसली, सणाला बसली. बेबीनंदाला तर आयतंच मिळणार. आणि न बोलावं तर मॅडमचं गणित असंच अडून राहणार.

"कल्याण, जा, चहा घेऊन ये."

"आत्ताच पेलो ना माय."

"मंग पाणी आण."

"पाणी हाय इथं."

"अरे, मी सांगून राह्यले ना, जा म्हणून."

तो गेला. तुळजाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, ती बसती. पण ती खोटी बी बसती."

"म्हणजे?"

"आराम मिळतो म्हणून. आम्ही बी बसायचो. अंगावर नसताना."

"बरं. पण कधीकधी खोटी, आणि कधीकधी खरी. असंच ना?"

तुळजाबाई "व्हय" म्हणायला गेली आणि थांबली. तिनं मागं मागं आठवायला सुरुवात केली. गेली दिवाळी. त्याच्या आधीची वेचणी. तृप्ती रांगायला लागली ते दिवस. दोरीवरचं फडकं? नाही. पुडा? तोच, तसाच. कधी पोट धरून बसली? कधी डाग धुतला? तिनं ताटं वाढली होती, लांबून. तीन वर्षं नुसती ताटं वाढली होती. आपली जुनी युक्ती सुनेत दिसली, म्हणून तिनं दुसरं काही बघितलंच नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "खरी एकदा बी न्हाई. बाळंतपणापासून एकदा बी न्हाई."

मॅडम उठली. नर्सला हाक मारली. रक्त काढून बाजूला ठेवायला सांगितलं आणि ते तपासून यायची वाट न बघता एक सुई भरून सलाईनमध्ये सोडली. "हेच असणार," एवढंच म्हणाली.

दुपार कलली तसा रक्तदाब चढू लागला. दिवेलागणीला शिवकन्यानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तुळजाबाईला ती सुई म्हणजे चमत्कार वाटला, पण मॅडमनं तिला समजावून सांगितलं. तीही दमलेली होती, सकाळपासून उभी होती. तरी सांगितलं.

"बघा मावशी, पाळी थांबायची कारणं खूप. दिवस गेले, हे पहिलं बघायचं. ते मी तपासलं, नाही. कुणी अंगावर पाजत असेल तर थांबते. कुणाचं वजन एकदम उतरतं, कुणाचं वाढतं. कुणाच्या अंडाशयात बिघाड, कुणाचा थायरॉईड. हिचं वेगळं. दोन डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. दूध आण, पाळी आण, अंगाला ताकद दे, सगळे हुकूम तिथून सुटतात. बाळंतपणात रक्त फार गेलं की तिला रक्त पोचत नाही. चारीचं पाणी कमी झालं की शेवटचा वाफा वाळतो ना, तसं. ती वाळली. हुकूमच सुटत नाहीत, तर ही उठणार कशी? चार दिवसांनी डोक्याचा फोटो काढू, म्हणजे पक्कं होईल. गोळ्या आता जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही. ताप आला, जुलाब झाले तर गोळी वाढवायची आणि पळत यायचं."

"आधी कळालं असतं तर?"

मॅडमनं तिच्याकडं बघितलं, पण रागावली नाही. "छाती कोरडी राहिली, पाळी आली नाही. एवढं कुणी एका दमात सांगितलं असतं तर लवकर कळलं असतं. मला आज तुम्हीच सांगितलं ना?"

तुळजाबाईला त्या दिलाशानं बरं वाटलं नाही.

कल्याण खाली जेवायला गेला होता. शिवकन्या छताकडं बघत होती.

"आत्याबाई, तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं."

"यान्ला बी?"

"त्याला मॅडमनं आजाराचं सांगितलंय. बाकीचं माझ्यापाशी हाय."

शिवकन्या मान वळवून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं मंग. इतके दिवस."

"मला वाटलं तू चार दिवस पाठ टेकायला बघती. मीबी बसलेली हाय तशी." तुळजाबाईनं चादर तिच्या पायावर ओढली. "तू कामून न्हाई बोललीस, पोरी? आलीच न्हाई म्हणून?"

"पहिल्यांदा वाटलं, येईल. बेबीबाईला तर सहा महिन्यांनी आल्ती. मंग भ्या वाटलं. आली न्हाई म्हणलं असतं तर म्हणले असते, हिला आता लेकरू व्हायचं न्हाई." तिनं दम घेतला. "आणि सांगितलं असतं तर बसायला मिळालं नसतं. आत्याबाई, मला उभं राहवत नव्हतं."

तुळजाबाईनं तिचा हात हातात घेतला. तो आता थोडा कोमट होता. खाली दुकानात भांडी आत घ्यायचा आवाज चालला होता.

डोक्याच्या फोटोत मॅडम म्हणाली तसंच निघालं. सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी, काही दिवसांनी थायरॉईडची त्यात आली. कल्याणनं मोबाइलमध्ये गजर लावून ठेवला. लेकराचं त्यानं मॅडमला विचारलं, तर ती म्हणाली, आधी बाई उभी राहू दे, पुढचं पुढं बघू, त्यालाही इलाज असतात. त्यानं मान हलवली. बेबीनंदानं एकदा पुन्हा त्या मजबूत पोरीचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माझ्या बायकोचं दुखणं सापडलंय. तुमचं सापडलं की सांगा." आणि त्या दारावर थांबायचं त्यानं सोडलं.

दिवाळीनंतर मॅडमनं पाळीच्याही गोळ्या सुरू केल्या. वेचणी ऐन भरात होती. शिवकन्या आता सकाळी उठून चूल पेटवायची, बोलण्यात घाई आली होती, कधीमधी तृप्तीला धपाटाही घालायची. आणि एका सकाळी ती मोरीतून बाहेर आली ती दारातच थांबली.

"आत्याबाई."

"काय गं?"

"आली."

तुळजाबाई भाकरीचं पीठ घेऊन बसली होती. तिनं हात थांबवला. आत परडी होती. शिवकन्या उंबऱ्याबाहेर उभी, पदर कमरेला खोचलेला, तोंडावर कसलंसं नवल.

"बसू का पडवीत?"

तुळजाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. जवळून बघितलं.

"अंगात शीण हाय का?"

"न्हाई."

"पोट दुखून राह्यलं?"

"थोडं. पण काम होईल."

"मंग बसती कशाला." तुळजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. एकदा आत, परडीकडं बघितलं. तीन वर्षं देवीच्या दारात खोटा विटाळ झाला तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता खरं आलंय, तर आताही समजून घेईल. नाही घेतलं तर म्हातारीला जाब विचारील. "ये, भाकरी तू टाक. दुपारची गोळी विसरू नको."

शिवकन्या उंबऱ्यावर थोडी घुटमळली, मग आत आली आणि परातीशी बसली. तुळजाबाई हात धुऊन पडवीत गेली. शेळ्यांनी मान वर करून बघितलं. चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली होती, ती तिनं पसरली, आणि एक एक पाय सोडवत तिच्यावर आडवी झाली. पत्रा अजून तापला नव्हता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता.

कुंपणावरून बेबीनंदाचं डोकं वर आलं.

"अगंबया काकी. तुम्ही? या वयात बाहेर बसल्या का काय?"

तुळजाबाईनं डोळे उघडले नाहीत.

"व्हय," ती म्हणाली. "मला कावळा शिवलाय. तीन दिवस हाक मारू नको."